नाव अजून आलं नाही

ओहायो, १४ जुलै २०२४

प्रिय दुर्गाताई,

आईंना आणि तुम्हाला जोहार. आम्हाला मुलगा झाला, सहा तारखेला सकाळी. सुनिल बहिणीला फोन लावून लावून थकला. भामरागडचा टॉवर पुरामुळे बंद आहे, हे शेवटी माझ्या बाबांनी कळवलं. म्हणून ही वाट काढली आहे. मी पत्र टाइप करून बाबांना ऊर्जानगरला पाठवते. ते कागदावर छापून भामरागडच्या बसच्या ड्रायव्हरकडे देतील आणि नदीपलीकडून तुमच्या गावची होडी, तो डोंगा, येईल तेव्हा ते तुमच्या हातात पडेल. तुम्ही लिहाल त्याचा फोटो काढून बाबा मला पाठवतील. रिटायर झाल्यापासून त्यांना कोणी ड्युटी लावली नव्हती, त्यामुळे ते फार खुशीत आहेत.

काल बाळाची नाळ पडली. आता आईंनी बसायचं, असं सुनिल म्हणाला. पाण्यात तांदळाचे दाणे सोडायचे, घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायची, आणि ज्या नावाला दोन दाणे एकमेकांना येऊन चिकटतील ते नाव बाळाचं. तुम्हाला हे काय सांगायचं, पण मला त्याने पहिल्यांदाच सांगितलं. त्याचं नाव असंच चैतू आलं होतं म्हणे. आश्रमशाळेत गुरुजींना ते पसंत पडलं नाही, त्यांनी हजेरीत सुनिल लिहिलं. पुढे दाखला, आधार, पासपोर्ट, सगळीकडे तेच. "माझ्या मुलाचं नाव कोण्या कारकुनाच्या सोयीनं लागणार नाई," असं तो म्हणतो. दवाखान्यात बाळाच्या मनगटाला पट्टी होती, तिच्यावर फक्त 'मुलगा, पुंगाटी' लिहिलेलं. त्याने ती जपून ठेवली आहे.

एक घाई मात्र आहे. इथे आजारपणाचं सगळं विम्यावर चालतं. मी ऊर्जानगरला वीज केंद्राच्या कॉलनीत वाढले. ताप आला की बाबांचं मेडिकल कार्ड घेऊन कंपनीच्या दवाखान्यात जायचं, घरातले सगळे त्या एकाच कार्डावर. इथे सुनिलच्या पगारातून दर महिन्याला विम्याचा हप्ता कापतात, तरी दवाखान्यात गेलं की सुरुवातीचा खर्च आपणच करायचा आणि मग विमा. शिवाय प्रत्येकाचं नाव वेगळं चढवावं लागतं. बाळाचं नाव जन्मापासून तीस दिवसांत चढवायचं आहे. एकदा छापलेलं नाव सुनिलला जन्मभर बदलता आलं नाही, त्यामुळे भलतंसलतं काही लिहायला तो तयार नाही. फॉर्ममधली नावाची जागा कोरी ठेवून आम्ही दोघं बसलो आहोत. आईंना म्हणावं, जरा लवकर.

तुमची,
रंजीता


२७ जुलै

प्रिय रंजीता,

तुझं पत्र डोंगेवाल्या बिरजूने काल आणून दिलं. पिशवीत गुंडाळून, छातीशी धरून आणलं, तरी एक कोपरा ओला झालाच. आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुन्हा वाच. रात्री तिने तो कागद उशाखाली ठेवला. फोनवरचं बोलणं बोललं की संपतं, कागद घरात राहतो असं तिचं म्हणणं आहे. ती माडियात बोलते, मी तुझ्यासाठी आपल्या मराठीत लिहिते.

नावाचं अजून झालं नाही. गावात एक मयत झाली, त्यामुळे आई थांबली आहे. पाणी ओसरलं की बसेल. तीस दिवसांचं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तारखा काय, वाढतेत." तसं मलाही वाटतं. माझ्या शाळेत पोरांच्या आधार जोडणीची शेवटची तारीख यंदा तीनदा पुढे गेली. तिकडेही माणसंच आहेत, समजून घेतील. काळजी करू नको.

नदी उतरली की भामरागडला चल, टॉवर सुरू झाला तर बाळाचं तोंड पाहू, असं मी आईला म्हटलं. ती नाही म्हणाली. खालच्या घाटावरून ती डोंग्यात बसत नाही. ती फार जुनी गोष्ट आहे. उन्हाळ्यात जंगलातून वरच्या बाजूने मोठा फेरा घालून जाते, आणि पावसाळ्यात गाव सोडत नाही.

बाळाला तेल कोणतं लावतेस? मोहाचं मिळत नसेल.

तुझी,
दुर्गाताई


ओहायो, २० ऑगस्ट

प्रिय दुर्गाताई,

तुमचं पत्र बाबांना परवा मिळालं, मला काल. रस्ता बंद होता म्हणे.

बाळ बरं आहे. जरा अशक्त आहे, दूध पिता पिता दमतं आणि कपाळाला घाम येतो, म्हणून डॉक्टरांनी तपासण्या करायला सांगितल्या आहेत. विम्याचं काम थोडं लांबलं. होईल. तेल बदामाचं लावते.

नाव तेवढं पाठवा, ताई. इथे शेजारणी विचारतात, मुलाला काय म्हणता. मी म्हणते, बाळ. त्यांना तेच नाव वाटतं.

रंजीता


१० सप्टेंबर

प्रिय रंजीता,

भामरागडचा टॉवर येतो आणि जातो. तू पाठवलेला बाळाचा फोटो एकदा दिसला. डोळे आपल्या चैतूसारखे आहेत. मी येऊन आईला सांगितलं, तर ती उठून अंगणात गेली.

नावाचं असं कर, तुम्हीच ठेवून टाका. रोशन चांगलं आहे, प्रफुल आहे. तुम्ही शिकलेली माणसं, परदेशात राहता, तिथे बोलायला सोपं पडेल असं काहीतरी बघा. आईची हरकत नाही. आता तिचं वय झालं, तिला दाणे नीट दिसत नाहीत.

अशक्तपणा गेला का? नाचणी शिजवून गाळून देता येईल, पण इतक्यात नाही, सहा महिन्यांनंतर.

दुर्गाताई


ओहायो, २२ सप्टेंबर

पान पहिलं

आईंना जोहार. बाळ आता हसतं. तुमचा मुलगा रात्री त्याला खांद्यावर घेऊन घरभर फिरतो आणि माडियात काहीतरी गुणगुणतो. मला ते कळत नाही, बाळाला कळत असावं. इथे झाडांची पानं लाल व्हायला लागली आहेत. तुमच्याकडे धान पोटरीवर आलं असेल. तब्येत सांभाळा.

पान दुसरं

दुर्गाताई, हे पान आईंसमोर वाचू नका.

बाळाच्या हृदयाला छिद्र आहे. मोठं आहे, आपोआप बुजणारं नाही. ऑपरेशन करावं लागेल. हे मला महिन्यापूर्वीच कळलं होतं, तेव्हा मी 'अशक्त' असं लिहिलं.

आणि बाळाला विमा नाही. तीस दिवस संपले त्याच्या दुसऱ्या दिवशी सुनिलने ऑफिसातल्या बाईंना फोन केला, आमच्या घरून नाव यायचं आहे, आठवडाभर द्या म्हणाला. त्या बाईंना बिचारीला खरंच वाईट वाटलं. म्हणाल्या, नावाची गरजच नव्हती. नुसतं 'बाळ' लिहून दिलं असतं तरी चाललं असतं, नाव मागाहून घालता येतं. आम्ही कोणाला विचारलंच नाही, आणि कोणी आपणहून सांगितलं नाही. तारीख मात्र हलत नाही. आता नोव्हेंबरमध्ये सगळ्यांसाठी पुन्हा नावं घेतात, ती लागू होतात एक जानेवारीपासून. सरकारची लहान मुलांसाठी एक सोय आहे, पण सुनिलच्या पगारामुळे आम्ही त्यात बसत नाही. बाबा म्हणतात घेऊन ये, नागपूरला दाखवू. डॉक्टर म्हणतात या छातीने एवढा विमानप्रवास नको. औषधावर आणि घट्ट दुधावर त्याला जानेवारीपर्यंत टिकवायचं, तोवर वजन वाढलं तर ऑपरेशनही सोपं जाईल. टिकला नाही आणि मध्येच काही झालं तर त्याच रात्री न्यायचं, मग जे होईल ते होईल. मी दिवसभर त्याच्या फासळ्या पाहत असते, श्वास किती जोरात चाललाय ते पाहत असते.

ताई, मी मनातलं बोलते. आम्ही एका नावासाठी थांबलो आणि तुम्ही लिहिता, रोशन ठेवा. रोशनच ठेवायचं होतं तर ते मी बाळंतिणीच्या खाटेवरून ठेवलं असतं. मी तुमच्यातली नाही, कॉलनीतल्या दुसऱ्या समाजातली मुलगी, म्हणून माझ्या पोराला आईंनी घरातलं नाव नाकारलं असेल तर तसं सरळ लिहा. मला लागेल, पण कळेल तरी. सुनिल काही बोलत नाही. फॉर्मची ती कोरी जागा त्याने अजून तशीच ठेवली आहे.

रंजीता


१२ ऑक्टोबर

प्रिय रंजीता,

तुझ्यातली-माझ्यातली हे मनातून काढून टाक. मी तुझ्याशी खोटं बोलले. गावात मयत झाली नव्हती.

तुझं पहिलं पत्र आलं त्याच रात्री आई बसली होती. पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात पाणी, त्यात दाणे. आजोबांचं नाव घेतलं, बाबांचं घेतलं, काकांचं घेतलं. दाणे सुटेच राहिले. मग तिने इसरूचं नाव घेतलं, नुसतं घ्यायचं म्हणून, कोणी मागे राहू नये म्हणून. दाणे येऊन चिकटले. तिने द्रोण अंगणात रिकामा केला. दोन दिवसांनी पुन्हा बसली. तेच झालं. तिसऱ्या वेळी तिने त्याचं नाव गाळलं तर एकही नाव लागलं नाही.

इसरू आमचा सगळ्यात धाकटा भाऊ. चैतूने तुला सांगितलं नसणार, तो आम्हालाही कधी बोलत नाही. चैतू आश्रमशाळेत होता तेव्हाची गोष्ट. इसरू चार वर्षांचा होता. तापाने फणफणला, झटके यायला लागले. आईबाबांनी त्याला बाजेवर घालून खालच्या घाटावर नेलं, पलीकडे दवाखाना. नदी दोन्ही काठ सोडून वाहत होती. डोंगेवाला म्हणाला, आत्ता घातला तर कोणीच वाचत नाही, पाणी उतरू द्या. त्याचंही खरं होतं. ते तिथेच बसून राहिले. संध्याकाळी पाणी उतरलं तेव्हा न्यायला कोणी उरलं नव्हतं. त्यानंतर आई त्या घाटावर गेली नाही.

असं नाव नातवाला कसं पाठवायचं? ती म्हणायची, "पाठवलं तं तोही जाईन. नको लिहू, दुर्गा." म्हणून मी मयतीचं लिहिलं, डोळ्यांचं लिहिलं, रोशनचं लिहिलं. मला वाटलं, नावाचा प्रश्न आहे, नाव काय, कुठूनही येईल. त्याच्यावर लेकराचा जीव अडला असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. तू 'लांबलं, होईल' लिहिलंस आणि मी ते खरं धरलं.

आता पुढचं सांगते. मी पहिलं पान वाचून दाखवलं. आईला अक्षर येत नाही, पण डोळे शाबूत आहेत. म्हणाली, "कागद दोन आलेत. दुसऱ्यात काय हाय?" मी म्हटलं, हिशेबाचं आहे. ती म्हणाली, "हिशेबाचं वाचून तू रडून काऊन राह्यली?"

मग वाचलं. विमा तिला कसा समजवावा कळेना. शेवटी म्हटलं, आपल्या गावाची धान्याची कोठी असते ना, सुगीला प्रत्येक घर टोपली टाकते आणि अडीनडीला त्यातून उचलते, तसंच. ठरलेल्या दिवसापर्यंत लेकराच्या नावाने टोपली पडली नाही, म्हणून आता पुढच्या सुगीपर्यंत त्याला उचलता येत नाही. तिने विचारलं, "नाव नव्हतं म्हणून नाई टाकली?" मी हो म्हटलं. खोटं बोलायची माझी हिंमत संपली होती.

ती रात्रभर जागी होती. सकाळी उठून चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली, "मी उलटंच समजली. तो मरायले कायले येईन परत? त्याले पार जायचं हाय. मागच्या खेपेले डोंगा नाई भेटला. लिही तिले, पोराचं नाव इसरू. आन् म्हणा, या खेपेले कितीबी पाणी असू दे, त्याले पार नेजा."

हे तिचे शब्द आहेत, मी त्यात काही घातलं नाही. नाव तुला नको वाटलं तर मी समजेन. तू आई आहेस.

तुझी,
दुर्गाताई


ओहायो, ३ नोव्हेंबर

प्रिय दुर्गाताई,

तुमचं पत्र मी सुनिलला वाचून दाखवलं नाही, त्याच्या हातात दिलं. वाचून तो बाहेर गेला आणि गाडीत जाऊन बसला. गाडी सुरू केली नाही, नुसता बसला होता. तासाभराने मी बाळाला घेऊन गेले. तेव्हा पहिल्यांदा बोलला. शाळेतून दिवाळीच्या सुट्टीत घरी आला होता, सोबत इसरूसाठी रंगीत खडू आणले होते, आणि तेव्हाच कळलं. इतके महिने त्याच्या मनात होतं की दाणे तेच नाव देतील. त्याला ते हवंही होतं आणि त्याची भीतीही वाटत होती, म्हणून त्याने कधी तोंड उघडलं नाही. मी त्याच्यावर चिडले. एवढं बोलला असता तर कितीतरी वाचलं असतं. मग मलाच रडू आलं, कारण मीही तुम्हाला कुठे काय सांगितलं होतं?

मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. रात्री त्याला जवळ घेऊन हळूच हाक मारून पाहिली. त्याने मान वळवली. सगळीच बाळं आवाजाकडे वळतात हे मला माहीत आहे. तरी मी त्यानंतर त्याला दुसऱ्या कोणत्या नावाने हाक मारली नाही.

परवा नावं घ्यायला सुरुवात झाली. आम्ही सकाळीच फॉर्म भरला. पहिल्या जागी इसरू. मधल्या जागी इथे वाटेल ते लिहितात, तिथे सुनिलने चैतू लिहिलं, शेवटी पुंगाटी. ऑफिसातल्या बाईंनी विचारलं, चैतू कोण? तो म्हणाला, मी. त्या गोंधळल्या, त्यांच्याकडे त्याचं नाव वेगळंच आहे. त्याने समजावत बसण्याऐवजी मान डोलावली आणि सही केली.

वजन वाढतंय, पण फार हळू. जानेवारी अजून लांब आहे. आईंना सांगा, आम्ही पाणी पाहून थांबलेलो नाही. रोज थोडं थोडं पुढे जातोय.

तुमची,
रंजीता


२२ डिसेंबर

प्रिय रंजीता,

दोन ओळीच लिहिते, बिरजू थांबला आहे. मी भामरागडहून फोन केला तेव्हा तू "आहे तसाच आहे" म्हणालीस, ते मी आईला तसंच सांगितलं, काही लपवलं नाही. ती आता मला शपथ घालूनच विचारते. धान कापून झालं. सुगीला कोठीत सगळ्यांनी टोपल्या टाकल्या तेव्हा आईने आमच्या टोपलीनंतर आणखी एक लहान टोपली टाकली. गावपाटलाने विचारलं, ही कोणाची? म्हणाली, "इसरूची." जुनी माणसं खाली पाहत राहिली.

दुर्गाताई


ओहायो, १२ जानेवारी २०२५

प्रिय आई,

हे पत्र तुम्हाला आहे, दुर्गाताई फक्त वाचतील. दुसरं पान नाही.

ख्रिसमसच्या आठवड्यात इसरूला सर्दी झाली, श्वास लागला, दोन रात्री आम्ही कपडे घालूनच बसून होतो. नवीन कार्ड एक तारखेला लागू झालं. सहा तारखेला त्याला भरती केलं आणि नऊ तारखेला ऑपरेशन झालं. सकाळी त्याला माझ्या हातातून घेतलं तेव्हा मी दिलं नाही, परिचारिकेला माझी बोटं सोडवावी लागली. सुनिल म्हणाला, दे, न्यायलाच आणलंय त्याला.

आम्ही बाहेरच्या खोलीत बसलो. बऱ्याच घरची माणसं बसली होती. दार उघडलं की सगळे वर बघायचे. दुपार टळून गेल्यावर एक उंच बाई हातातला कागद पाहत बाहेर आली आणि तिने मोठ्याने हाक मारली, "इसरू?" तिच्या तोंडी ते नाव वाकडंतिकडं झालं होतं, तरी कळलं. तुमचा मुलगा असा उठला की त्याच्या मांडीवरचा डबा खाली सांडला. तो इंग्रजी विसरला. माडियातच काहीतरी बोलला. मी नंतर विचारलं, तर म्हणाला, "आलो, असं म्हटलं."

छिद्र बुजवलं. काल रात्री तो बाटलीभर दूध एका दमात प्यायला. कपाळ कोरडं होतं, मी हात लावून पाहिला.

आई, मी तुमच्याबद्दल वाईट विचार केला होता. ते पत्र तुमच्या उशाखाली असेल तर काढून टाका.

तुमची सून,
रंजीता


३० जानेवारी

प्रिय रंजीता,

पत्र वाचलं. आई म्हणाली, ती बाई हाक मारते तिथून पुन्हा वाच. तिथून वाचलं. मग म्हणाली, पुन्हा. चुलीवरचा भात करपला तरी उठली नाही. शेवटी पदराने तोंड पुसून म्हणाली, "म्हणजे पार गेला." जुनं पत्र ती काढत नाही. तेही तिचंच आहे म्हणते, त्यातूनच तर सारं कळलं.

आज सकाळी मी शाळेत निघाले तर आई पाठोपाठ आली. मला वाटलं शेणी गोळा करायला आली असेल. शाळेपाशी मी थांबले, ती थांबली नाही. खालच्या घाटाकडे उतरली आणि बिरजूला म्हणाली, "रविवारी बाजाराले किती मानसं नेतं? एक जागा माही ठेवजो." बिरजू माझ्याकडे पाहत राहिला. त्याच्या बापाच्याच डोंग्याची गोष्ट आहे ती, त्यालाही माहीत आहे.

नदीला आता पाणी कमी आहे, भिण्यासारखं काही नाही. तरी मी तिचा हात धरून बसेन. भामरागडला टॉवर सध्या चांगला चालतो, आणि रस्ता मोकळा आहे, हे पत्र उद्याच तुझ्या बाबांना मिळेल.

रविवारी आपल्या सकाळी दहा वाजता फोन जवळ ठेवा. तुमच्याकडे शनिवारची रात्र असेल, इसरू झोपला असला तरी उठवा.

तुझी,
दुर्गाताई